लासिकनंतरचे १४ महिने: नजर एका रात्रीत आली, डोळ्याची जाणीव नऊ महिन्यांनी

लासिक, म्हणजे चष्म्याचा नंबर घालवणारी लेसर शस्त्रक्रिया, करून १४ महिने झाले. दोन्ही डोळ्यांना उणे पाचच्या आसपास नंबर होता, चौथीपासून चष्मा. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी अंथरुणातूनच भिंतीवरचं घड्याळ वाचलं आणि रडू आलं. पण हा भाग सगळेच सांगतात. मला लिहायचंय ते बुबुळातल्या नसांबद्दल, कारण त्याविषयी आधी कुणी मला नीट बसून सांगितलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात घरी कांदे चिरत होते. शेजारी आईच्या डोळ्यांतून धारा, माझे डोळे मात्र कोरडे ठणठणीत. तेव्हा मजा वाटली. चार दिवसांनी आरशात पाहिलं, तर पापणीचा केस बुबुळावर चिकटलेला आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. मग घाबरले.

तपासणीत डॉक्टरांनी कारण सांगितलं. कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, हा शरीरातल्या सर्वाधिक नसा असलेल्या भागांपैकी एक. या नसा कडेकडून आत शिरतात आणि वरच्या थराखाली जाळं विणतात. लासिकमध्ये कॉर्नियाचा पातळ पापुद्रा गोल कापून उलटतात, एका बाजूला बिजागरीसारखा जोड ठेवतात. जोडातून आलेल्या नसा वाचतात, बाकीच्या कापल्या जातात. आपला डोळा कोरडा पडलाय ही खबर याच नसा मेंदूला देतात. खबरच पोहोचली नाही की अश्रू कमी येतात, पापण्याही कमी मिटतात. म्हणजे माझा डोळा कोरडा होता आणि ते त्याला स्वतःला कळत नव्हतं!

दुसरा ते पाचवा महिना सगळ्यात वाईट. दुपारपर्यंत स्क्रीनवरची अक्षरं धूसर व्हायची, पापणी मिटली की पुन्हा स्पष्ट. पहाटे डोळे उघडताना सुई टोचल्यासारखी कळ यायची. डोळे ओले ठेवायच्या थेंबांची आधीची बाटली प्रिझर्व्हेटिव्हवाली होती आणि मी ती दिवसातून आठ-दहा वेळा घालत होते. डॉक्टरांनी ती बंद करून प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या, एकदाच वापरायच्या छोट्या नळ्या दिल्या. महाग पडतात, पण माझ्यासाठी खरा फरक तिथूनच पडला. रात्री पंख्याचा वारा तोंडावर घेणं बंद केलं, झोपताना डोळ्यांत घालायचं जेल सुरू केलं.

सहाव्या महिन्यात डॉक्टरांनी कापसाच्या बारीक टोकाने बुबुळाला हलकेच स्पर्श केला. उजवा डोळा पटकन मिटला, डावा जरा उशिराने. नवव्या महिन्यात कांदा पुन्हा झोंबला. मी ओरडून आईला हाक मारली, तिला वाटलं बोट कापलं.

माझ्या मावसबहिणीने नंबर घालवण्याची स्माइल ही दुसरी लेसर पद्धत निवडली. त्यात पापुद्रा उलटत नाहीत, काही मिलिमीटरचीच चीर असते, म्हणून नसा कमी कापल्या जातात. तिला कोरडेपणा होता, पण दोनेक महिन्यांत ओसरला. प्रत्येकाला ती चालेलच असं नाही, पण तुमच्या डॉक्टरांना विचारा जरूर. आणि डोळे आधीच कोरडे असतील तर शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी अश्रूंची तपासणी करून घ्या. खालच्या पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटं ठेवतात, एवढंच. माझी ती झालीच नव्हती, आणि याचा राग मला अजून आहे.

जाणीव परतली तरी नसांचं जाळं पूर्वीइतकं दाट व्हायला काही वर्षं लागू शकतात, असं डॉक्टर म्हणाले. त्यामुळे पुणे-मुंबईच्या एसी बसमध्ये बसले की पर्समधली एक नळी आजही लागतेच.