“जुनं ॲप आधी काढून टाका” म्हणणारी फाइल आणि माझे ₹98,349

₹48,600, ₹39,750 आणि ₹9,999. एकूण ₹98,349. शनिवारी रात्री खात्यात होते, रविवारी सकाळी नव्हते. मी एकही ओटीपी कुणाला सांगितलेला नाही, रात्री फोन उचललेला नाही. तरी बँकेने लेखी उत्तरात ‘ग्राहकाचा निष्काळजीपणा’ असा शिक्का मारून प्रकरण बंद केलंय. म्हणून हे लिहितेय.

ज्याला सांगावं तो पहिल्यांदा हेच विचारतो, “चलानची नाहीतर लग्नपत्रिकेची फाइल उघडलीस का?” नाही. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके, म्हणजे ॲप थेट मोबाइलवर चढवायची फाइल, मी कधीच उघडत नाही. पण एफ-ड्रॉइड, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरचं मुक्त ॲप्सचं दुकान, मी बरीच वर्षं वापरते. 2010 पासून चालू आहे ते, तिथली बहुतेक ॲप्स ते लोक मूळ कोडवरून स्वतः बांधतात आणि स्वतःची डिजिटल सही करून देतात. प्ले स्टोअरबाहेरचं सगळं विषारी असतं हे मला तेव्हाही मान्य नव्हतं, आजही नाही.

झालं असं. रविवारी डोंबिवलीला भाचीचं बारसं, आणि मेन लाइनला मेगाब्लॉक. माझ्या मोबाइलमधलं लोकलच्या वेळापत्रकाचं ॲप ‘अपडेट करा’ म्हणून अडून बसलं. प्ले स्टोअर म्हणे नवी आवृत्ती तुमच्या मोबाइलवर चालणार नाही. मोबाइल अँड्रॉइड 8 चा आहे, पण उत्तम चालतो, फेकून का देऊ? म्हणून त्याच ॲपची थोडी जुनी आवृत्ती शोधली. सर्चमध्ये सगळ्यात वर एक साइट आली. दिसायला नेहमीच्या एपीके साइटसारखीच, नावात एका अक्षराचा फरक. वर बारीक अक्षरात ‘जाहिरात’ लिहिलेलं होतं, ते नंतर पाहिलं. वरची जागा पैसे देऊन कुणालाही मिळते. साइटचा पत्ता स्वतः टाइप करा, सर्चमधून जाऊ नका.

आता तो क्षण. फाइल उघडली तर मोबाइलने साफ नकार दिला. त्याच नावाचं ॲप आधीपासून आहे आणि हे त्याच्याशी जुळत नाही, म्हणून इन्स्टॉल होणार नाही. अँड्रॉइडचा नियमच तसा आहे. जुन्या ॲपवर ज्याची सही आहे त्याचीच सही नव्या फाइलवर असेल तरच ती त्यावर चढते. म्हणजे मोबाइल मला सांगत होता की ही फाइल मूळ माणसाची नाही. आणि त्या साइटवर तयार सूचना होती: “अडचण आल्यास जुनं ॲप आधी काढून टाका.” मी काढलं. कारण एफ-ड्रॉइडवर असं होतं! तिथली सही आणि प्ले स्टोअरवरची सही बरेचदा वेगळी असते, एकावरून दुसऱ्यावर जाताना जुनं काढावंच लागतं. मला ते माहीत होतं, म्हणून मला त्यात वावगं वाटलं नाही. ज्याला काहीच माहीत नाही तो तिथे थांबला असता, याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो. एफ-ड्रॉइडवर सही कुणाची ते ठाऊक असतं. इथे कुणाची होती?

पुढचं सगळं त्या एका टॅपनंतरचं. एसएमएसची परवानगी मागितली, कारण काय तर मेगाब्लॉकच्या सूचना मेसेजने येतील. मग ₹2 भरा, जाहिराती बंद. डेबिट कार्डाची माहिती भरली. दोन रुपयांसाठी कोण दहादा विचार करतं? ते ₹2 कधी कापलेच गेले नाहीत. रात्री ओटीपी आले, ॲपने वाचून पुढे धाडले. सकाळी तिन्ही मेसेज माझ्या इनबॉक्समध्ये होते. वेळापत्रक दाखवायला मेसेज वाचावे लागत नाहीत. एसएमएस किंवा ॲक्सेसिबिलिटी (स्क्रीन वाचायची, तुमच्या वतीने बटणं दाबायची परवानगी) मागणारं साधं ॲप तिथल्या तिथे काढा.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला. मग पोलीस ठाणं. पहिल्याने सांगितलं, “ताई, मोबाइल फॉरमॅट मारा आधी.” मारला. दुसऱ्याने विचारलं, “ते ॲप दाखवा.” कुठून दाखवू? तुमच्याच माणसाने पुसायला लावलं! फॉरमॅट करू नका. नेट बंद करा, सिम काढा, दुसऱ्या फोनवरून कार्ड ब्लॉक करा, फाइल आणि साइटचा पत्ता जपून ठेवा. मग म्हणे खातं ज्या शाखेत आहे त्या हद्दीत जा. तिथे म्हणे स्टेटमेंटवर बँकेचा शिक्का आणा. बँकेत शिक्का मारणारे साहेब रजेवर.

आणि बँक! “ओटीपी तुमच्याच नंबरवर गेला, म्हणजे तुम्हीच दिला.” रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक मी छापून नेलं होतं. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करायचं ओझं बँकेवर आहे, असं त्यात स्पष्ट आहे. काउंटरवरच्या बाईंनी ते हातातसुद्धा घेतलं नाही. माझ्याच मोबाइलमधून चोरलेला ओटीपी आणि मी दिलेला ओटीपी यातला फरक त्यांना कळत नाही, की कळून घ्यायचा नाही? तोंडी वाद घालू नका. पहिल्या दिवसापासून सगळं लेखी द्या आणि पोच घ्या. बँकेने तक्रार फेटाळली किंवा 30 दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी लागत नाही. मी केली आहे.

त्या तीनपैकी ₹9,999 समोरच्या खात्यात गोठवलेले सापडले आहेत. माझेच पैसे, कुठे आहेत ते माहीत, तरी परत मिळवायला न्यायालयाचा आदेश आणा म्हणतात. ओळखीच्या वकिलांनी फी सांगितली ₹12,000.