पिप की कोंडा? सायपाय टाकताना आणि काढताना
पिप आणि कोंडा ही दोन्ही पायथनची पॅकेजं टाकण्या-काढण्याची साधनं. नुसतं सायपाय (वैज्ञानिक गणितासाठीची पायथन लायब्ररी) हवं असेल तर पिपच घ्या. ‘पिप इन्स्टॉल सायपाय’ म्हटलं की तयार व्हील (आधीच बांधलेली पॅकेज फाइल) उतरतं, सायपायला लागणारं नमपाय (आकड्यांच्या हिशेबाची लायब्ररी) सोबत येतं. कोंडा आधी सगळ्या आवृत्त्यांचा मेळ बसवतो, म्हणून वेळ घेतो. पण जीडीएएलसारख्या (नकाशांचा डेटा वाचणाऱ्या) पॅकेजसाठी लागणाऱ्या सी++ लायब्रऱ्याही तोच आणतो. पिप तिथे मूळ कोड कंपाइल करायला (चालवण्याजोगा बनवायला) जातो आणि त्या लायब्रऱ्यांची हेडर फाइल सापडली नाही की अडतो.

खरा फरक काढताना कळतो. ‘पिप अनइन्स्टॉल नमपाय’ केलं तर फक्त नमपाय जातं. सायपाय तसंच राहतं आणि इम्पोर्ट करताच एरर देतं. ‘कोंडा रिमूव्ह नमपाय’ मात्र त्यावर अवलंबून असलेलं सायपायही काढायला घेतो. म्हणून ‘वाय’ (होय) दाबण्याआधी समोर आलेली यादी पूर्ण वाचाच.