अ‍ॅशली डाउन की अ‍ॅकवर्थ? शाळकरी मुलींच्या जुन्या सॅम्पलरची निवड

इंग्लंडमधील धर्मादाय शाळांत मुलींनी भरलेले एखादे जुने सॅम्पलर, म्हणजे टाक्यांचा सराव व कसब दाखवणारा भरतकामाचा कापडी नमुना, संग्रहासाठी घ्यावयाचे असेल, तर दोन घराणी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. एक ब्रिस्टलजवळ अ‍ॅशली डाउन येथील जॉर्ज म्यूलर यांच्या अनाथाश्रमाचे, आणि दुसरे यॉर्कशरमधील अ‍ॅकवर्थचे, म्हणजे बेताच्या ऐपतीच्या क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) कुटुंबांतील मुलामुलींसाठी डॉ. जॉन फॉदरगिल यांनी 1779 मध्ये काढलेल्या शाळेचे.

अ‍ॅशली डाउनची पहिली इमारत 1849 मध्ये उघडली. 1870 पर्यंत तेथे पाच इमारती उभ्या राहिल्या आणि दोन हजारांहून अधिक मुलांची सोय झाली. येथील मुली पुढे बहुतेक घरकामाच्या नोकरीवर जात आणि मोठ्या घरांतील चादरी-रुमालांवर मालकाची आद्याक्षरे व क्रमांक टाक्यांनी घालणे हे त्या कामाचाच भाग असे. म्हणून या सॅम्पलरवर वेगवेगळ्या वळणांच्या वर्णमाला, आकडे, अरुंद किनारी आणि कोपऱ्यांचे नमुने फुलीच्या बारीक टाक्यांत, बहुधा एकाच लाल धाग्याने, इतके दाटीने भरलेले असतात की बोट ठेवण्यापुरतेही कापड मोकळे सापडत नाही. नोकरी मागणाऱ्या मुलीने हातातील कसब पुराव्यादाखल मांडावे, तसे हे काम आहे, आणि माझ्या दृष्टीने त्याचे मोल तेथेच आहे.

अ‍ॅकवर्थची ओळख निराळी. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून तेथे भरलेल्या कामांत अष्टकोनी भौमितिक पदके, काठाला अर्धी कापल्यासारखी पदके, पक्ष्यांच्या जोड्या, फुलांच्या डहाळ्या आणि अनेक आद्याक्षरांच्या जोड्या दिसतात. रचना मोकळी व देखणी असल्यामुळे भिंतीवर हेच सॅम्पलर अधिक शोभते. मात्र रेशमाचे रंग उजेडाने उडतात आणि खालचे कापड लोकरीचे असेल, तर कसरीची भीती कायम राहते.

शोभेसाठी घेणाऱ्याने अ‍ॅकवर्थकडे वळावे. एकच नग घेऊन तो वर्षानुवर्षे भिंगाखाली अभ्यासायचा असेल, तर मी निःसंकोचपणे ब्रिस्टलची शिफारस करेन. कोणतेही घेतले तरी चौकटीतून काढून मागची बाजू पाहावी. खऱ्या जुन्या कामात उजेडापासून झाकलेली ती बाजू सहसा अधिक तजेलदार असते, तर चहात बुडवून जुनाट केलेल्या नकलेवर डाग दोन्हीकडे सारखाच पसरलेला आढळतो. कापड पुठ्ठ्याला डिंकाने चिकटवलेले असेल, तर ही तपासणीच करता येत नाही. असा नग स्वस्त मिळाला तरी सोडून द्यावा.