बाजारातून गाय घरी आणायची: पायी, पिकअप की ट्रक?

लोणीच्या बाजारात गायीचा सौदा ठरला की दलाल लगेच विचारतो, "गाडी सांगू का?" तिथे घाईने हो म्हणू नका.

गाव पाच-सात किलोमीटरवर असेल तर पायी नेणं बरं वाटतं. ना चढवणं-उतरवणं, ना हादरे. पण जनावरं पायी नेण्याच्या 2001 च्या नियमांनुसार गायीला दिवसाला जास्तीत जास्त 30 किलोमीटर आणि 8 तासच चालवता येतं, तेही दिवसाउजेडी. उन्हाचा पारा 30 अंशांवर गेला की थांबायचं. खुरांना नाल नसलेल्या गायीला डांबरी रस्त्यावरून चालवायलाही मनाई आहे, आणि कच्ची वाट आता उरलीय कुठे? शिवाय वेण्याच्या बेतात असलेली किंवा गेल्या 72 तासांत व्यालेली गाय चालवायची नाही. बाजारातून आपण बहुधा अशीच गाय घेतो.

उरले पिकअप आणि ट्रक. एका गायीला 2 चौरस मीटर जागा लागते. पिकअपचा हौदा साधारण 8 फूट बाय साडेपाच, म्हणजे दोनच गायी. ट्रक केवढाही असो, जनावरांच्या वाहतुकीच्या 1978 च्या नियमांनी सहाच. भाडं वाटून घ्यायला आठ-दहा कोंबल्या की एखादी घसरते. तिला उठायला जागा नसते आणि बाकीच्यांचे खूर तिच्या पोटावर, कासेवर पडतात. कुशीवर अडकलेल्या गायीला ढेकर देता येत नाही; पोट फुगून ती वाटेतच दगावते.

एक-दोन गायी शंभर-दीडशे किलोमीटर न्यायच्या असतील तर मी पिकअपच सांगेन. गायीमागे भाडं जास्त पडतं, पण कुठे थांबायचं, कधी पाणी पाजायचं, हे तुमच्या हातात राहतं. हरियाणातून मुऱ्हा म्हशी आणणाऱ्याला ट्रकच करावा लागतो. त्याने सहाच भराव्यात, सोबत जाणता माणूस, चारा-पाणी आणि पशुवैद्यकाचा दाखला घ्यावा.

गाडी कुठलीही करा, कासेकडे आधी बघा. कास मोठी दिसावी म्हणून काही विकणारे एक-दोन वेळची धार काढतच नाहीत. तशा तटलेल्या कासेने चार तास हादरे खात उभं राहायचं म्हणजे केवढा ठणका! पुढे दगडीचा, म्हणजे कास सुजण्याच्या रोगाचा, धोका आहेच. दुभती गाय असेल तर पैसे दिल्यावर आधी धार काढा, मग चढवा. चढवायला फलाटासारखा धक्का किंवा मातीचा उंचवटा शोधा, शेपूट पिरगाळू देऊ नका. तळाला पाचट किंवा वाळू हवीच, कारण शेणामुताने ओल्या झालेल्या पत्र्यावर खूर टिकत नाही. गाडीवाला "काही होत नाही" म्हणाला तर दुसरी गाडी बघा.