न्यूझीलंडमधील ताहर-शिकारीच्या नावाखाली ६,३३५ डॉलरची फसवणूक

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर गाइडसोबत ताहर या रानबकरीसारख्या प्राण्याच्या शिकारीला जाण्याचा विचार जे कोणी करत असतील, त्यांनी इसाराची रक्कम पाठवण्यापूर्वी हा मजकूर शेवटपर्यंत वाचावा. टेकापो तलावाजवळ आपला लॉज असल्याचे सांगणाऱ्या एका भामट्याने माझ्याकडून चार हप्त्यांत ६,३३५ न्यूझीलंड डॉलर उकळले. त्यात पाच दिवसांच्या ७,८०० डॉलरच्या पॅकेजची निम्मी रक्कम म्हणून ३,९००, हेलिकॉप्टरचा वाटा म्हणून १,४५०, परवाने व कागदपत्रांसाठी ३८५ आणि भाड्याच्या रायफलीची परत मिळणारी अनामत म्हणून ६०० डॉलर होते. याखेरीज परत न मिळणारे ६१२ ऑस्ट्रेलियन डॉलरचे विमानाचे तिकीट आणि २,१४० डॉलरचे सामान. ते सामान आज गॅरेजमध्ये पडून आहे आणि घरातले कोणी त्याविषयी बोलत नाही.

मी या क्षेत्रात नवखा नाही, हे आधीच सांगतो, कारण आतापर्यंत ज्यांना ज्यांना ही हकीकत सांगितली त्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव दिसला आहे. मी मेलबर्नमध्ये राहतो, माझ्याकडे बंदुकीचा आणि शिकारीचा रीतसर परवाना आहे आणि व्हिक्टोरियाच्या डोंगरांत मी सांबराच्या मागे भरपूर पायपीट केलेली आहे. भारतातल्या नातेवाइकांना यातले काही सांगण्याची सोय नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकार हा शब्दच गुन्ह्याचा झाला, आणि ते योग्यच आहे. मात्र ताहर हा हिमालयातला, आपल्याकडे संरक्षित असलेला प्राणी १९०४ साली न्यूझीलंडमध्ये माउंट कुकच्या परिसरात सोडला गेला आणि तिथल्या उंचावरच्या वनस्पती फस्त करू लागला, म्हणून तिथले सरकारच १९९३ च्या आराखड्यानुसार त्याची संख्या १०,००० च्या आत ठेवू पाहते. तेव्हा ‘मुक्या जनावराला मारायला निघाला होतास, बरे झाले’ असे म्हणणाऱ्यांनी कृपया हे लक्षात घ्यावे.

जाहिरात समाजमाध्यमावर दिसली. संकेतस्थळ नीटनेटके होते, हिवाळ्यातल्या भरगच्च आयाळीच्या नरांची छायाचित्रे होती, आणि मे ते जुलै हा माजाचा काळ असल्याने तारखा लवकर भरतात, ही सूचनाही होती, जी खरीच आहे. अशा ठगांचे ‘आजच पैसे भरा’ हे तंत्र आपल्या सर्वांना माहीत असते. या माणसाने ते वापरलेच नाही. इसार मिळाल्यावर त्याने मला तयारीला लावले. माझ्या बुटांचा क्रमांक विचारला, हेलिकॉप्टरच्या वजनाच्या हिशेबासाठी कपड्यांसकट माझे वजन विचारले, रोज जिने चढताना सॅकमध्ये किती किलो भरावे हे सांगितले, आणि सामानाची चार पानी यादी पाठवली. जो माणूस तुमचे मोजे लोकरीचे आहेत की सुती याची चौकशी करतो, त्याच्या खात्याची चौकशी करण्याचे कोणाच्या मनात येईल?

ती यादी मी आजही उघडून वाचतो आणि दरवेळी तळपायाची आग मस्तकात जाते. पहिली दोन पाने निर्दोष होती: टाचेला खाच असलेल्या ताठ बुटांवर बसणारे बारा दात्यांचे क्रॅम्पॉन (बर्फावर पकड देणारे खिळे), आइस अ‍ॅक्स (बर्फावरची कुऱ्हाड), बुटांवरून गुडघ्यापर्यंत चढवायची गेटर्स ही वेष्टणे, दहापट मोठे दाखवणारी दुर्बीण, ओले झाले तरी ऊब देणारे मेरिनो लोकरीच्या कपड्यांचे दोन जोड. तिसऱ्या पानावर मात्र खोगिराला बांधायचे रायफलीचे कातडी म्यान होते. त्याखाली घोडेवाल्यांच्या बक्षिसीसाठी सुट्टे अमेरिकन डॉलर होते. त्याखाली वाळवलेले मांस आणि मध. आणि शेवटी, दोन गोल पिनांचे अ‍ॅडाप्टर.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचा प्लग एकच आहे. तिरप्या चपट्या पिनांचा तोच प्लग माझ्या घरातल्या प्रत्येक भिंतीवर आहे, आणि तरी मी दुकानात जाऊन १९ डॉलरचे ते अ‍ॅडाप्टर विकत आणले. ती यादी मध्य आशियातल्या आयबेक्स या डोंगरी रानबकऱ्याच्या शिकारीसाठी कोणीतरी प्रामाणिकपणे केलेली होती. किरगिझस्तानच्या त्येनशान पर्वतात शिकारी घोड्यावरूनच जातात आणि तिथले प्लग गोल पिनांचे असतात. या भामट्याने तिच्यातले गावाचे नाव तेवढे बदलले होते. खोगिराविषयी मी विचारले होते, हे इथे नोंदवतो. हवामानामुळे हेलिकॉप्टर उडाले नाही तर शेजारच्या मेंढ्यांच्या स्टेशनवरून (तिकडे मोठ्या पशुपालन फार्मला स्टेशन म्हणतात) घोडे घेऊ, असे उत्तर आले, आणि त्या भागातल्या स्टेशनांवर घोडे असतात हे खरे असल्याने मला ते पटले. अ‍ॅडाप्टरविषयी मात्र मी विचारले नाही. लॉज जुना असेल, काही वेगळी सोय असेल, अशी माझी मीच समजूत घातली. मधाविषयी तर काय बोलावे! न्यूझीलंडच्या विमानतळावर मध काढून घेतात, बुटाच्या तळव्याला चिकटलेली मातीसुद्धा तपासतात आणि असे काही न सांगता नेले तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड करतात. तिथला कोणताही खरा गाइड पाहुण्याला सर्वात आधी बूट घासून आणायला सांगेल, मध आणायला नव्हे.

आता त्या ३८५ डॉलरविषयी. तिथल्या सार्वजनिक संवर्धन जमिनीवर शिकार करण्याचा परवाना डिपार्टमेंट ऑफ कॉन्झर्व्हेशन, ज्याला तिकडे सगळे ‘डॉक’ म्हणतात, ते खाते फुकट देते. तो आपला आपण ऑनलाइन काढता येतो. पैसे घेऊन अशा जमिनीवर पाहुण्यांना नेणाऱ्या गाइडला मात्र डॉककडून कन्सेशन, म्हणजे व्यवसायाची परवानगी, घ्यावे लागते. ते कोणाच्या नावाने आहे हे आधी विचारा आणि मिळालेले उत्तर डॉकशी पडताळून पाहा. स्वतःची रायफल न्यायची असेल तर पाहुण्यांसाठीच्या बंदूक परवान्याचा अर्ज तिथल्या ‘ते तारी पुरेके’ नावाच्या शस्त्र प्राधिकरणाकडे स्वतः करा; पासपोर्टची आणि परवान्याची प्रत गाइडच्या हाती देऊ नका. मी दोन्ही दिल्या आहेत आणि त्यांचे पुढे काय होणार याची टांगती तलवार अजून आहे. आणि रायफल गाइडचीच वापरायची असेल व परवानाधारक गाइड पूर्ण वेळ शेजारी असेल, तर पाहुण्याला वेगळा बंदूक परवाना लागतच नाही. म्हणजे मी ज्या कागदांसाठी पैसे मोजले त्यांतला एक फुकट होता आणि दुसरा अनावश्यक.

बिंग फुटले ते भेटण्याची जागा नक्की करताना. त्याने ज्या हेलिकॉप्टर कंपनीचे नाव दिले होते ती खरी आहे. मी सहज तिथे फोन केला, तर त्या तारखेला माझ्या किंवा त्याच्या नावाने काहीच नव्हते. पलीकडच्या बाई इतक्या सौम्यपणे बोलल्या, की असे फोन त्यांना नवे नसावेत हे माझ्या लक्षात आले. त्या रात्रीपासून त्याचा फोन बंद आहे.

पुढचा अनुभव फसवणुकीपेक्षा कडू आहे. बँकेने तासभर वाद्यसंगीत ऐकवून सांगितले की व्यवहार तुम्हीच मंजूर केला होता. पैसे परत मागवण्याची विनंती पाठवण्यासाठी वर २५ डॉलर घेतले आणि समोरच्या बँकेने ‘खात्यात शिल्लक नाही’ एवढेच कळवले. मी लॉजचे नाव लिहिले होते आणि खाते एका व्यक्तीचे निघाले, तेव्हा नाव आणि खाते जुळते का हे बँकेने का पाहिले नाही, असे विचारल्यावर परदेशी व्यवहारात क्रमांकच ग्राह्य धरतो, असे उत्तर मिळाले. मग नावाचा रकाना ठेवता कशाला? जवळच्या ठाण्यातल्या अधिकाऱ्याने गुन्हा न्यूझीलंडमध्ये घडला असे सांगितले. न्यूझीलंडच्या पोलिसांनी तक्रारदार ज्या देशात राहतो तिथे नोंद करा, असे सुचवले. ऑनलाइन तक्रारीला लगेच एक क्रमांक मिळाला आणि त्यानंतर आजतागायत फक्त ‘आपले समाधान झाले का’ असे विचारणारा सर्वेक्षणाचा अर्ज आला. खातेदाराचे नाव, खाते क्रमांक, संभाषणाच्या प्रती, सर्व काही मी आयते हातात दिले होते. कोणी ते उघडूनही पाहिल्याचे दिसत नाही. एका अधिकाऱ्याने तर ‘असल्या महागड्या हौशी करता तर विमा नव्हता का’ असे विचारले.

इसार शक्यतो क्रेडिट कार्डानेच भरा, म्हणजे निदान वाद उपस्थित करता येतो. थेट खात्यात पाठवलेले पैसे गेले ते गेलेच. लॉजची छायाचित्रे शोधयंत्रात उलट शोधून पाहा. ज्या हेलिकॉप्टर कंपनीचे नाव सांगितले जाते तिला पैसे देण्यापूर्वी फोन करा. त्या एका फोनला मला पाच मिनिटेही लागली नाहीत.

बँकेविरुद्धची माझी तक्रार आता बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालाकडे आहे. पोलिसांकडून मात्र, एकाच तक्रारीवर तपास हलत नाही, त्याच खात्याविरुद्ध आणखी तक्रारी आल्या तर विचार होईल, असे मला तोंडी सांगण्यात आले. तेव्हा टेकापोच्या परिसरातील लॉजच्या नावाने खोगिराचे म्यान आणि गोल पिनांचे अ‍ॅडाप्टर असलेली यादी ज्यांना आली असेल, त्यांनी पैसे गेले असोत वा नसोत, आपापल्या पोलिसांकडे लेखी तक्रार द्यावी आणि तिचा क्रमांक मला कळवावा.