‘सहा महिन्यांचं पिल्लू’ म्हणून गळ्यात मारलेला आफ्रिकन ग्रे

ठाणे-नवी मुंबईत कुणी आफ्रिकन ग्रे, म्हणजे बोलण्यासाठी प्रसिद्ध असलेला राखाडी आफ्रिकी पोपट, घ्यायच्या विचारात असेल, तर टोकनचा एक रुपयाही पाठवण्याआधी हे वाचा. आमच्याकडून ५५ हजार रुपये घेऊन आम्हाला ज्या पद्धतीनं फसवलं, तो प्रकार अजून चालू आहे. आम्हाला दाखवलेला व्हिडिओ परवा एका ग्रुपवर पुन्हा आला. फोन नंबर नवा होता आणि ठाण्याऐवजी पनवेल लिहिलं होतं, एवढाच फरक.

आम्ही नेरूळला राहतो. माझा मुलगा आठवीत आहे आणि त्याला पक्ष्यांचं वेड आहे. आपला साधा हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे हे आम्हाला माहीत होतं, म्हणून परदेशी पक्ष्यांची चौकशी सुरू केली. बहुतेक विक्रेते एकच सांगायचे, ‘एक्झॉटिकला काही कागद लागत नाही, बिनधास्त न्या.’ हे धादांत खोटं आहे. आफ्रिकन ग्रे २०१७ पासून ‘साइट्स’ या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे जंगलातून पकडलेल्या ग्रेचा देशोदेशींचा व्यापार बंद आहे. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या जंगलांतून त्याची इतकी लूट झाली, की घानात तो जवळपास संपला. आपल्याकडेही २०२२ च्या दुरुस्तीनंतर असे प्राणी-पक्षी कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले, आणि २०२४ च्या नियमांनुसार पक्षी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंदणीचा अर्ज करावा लागतो. फी एक हजार रुपये.

आम्हाला फसवणारा माणूस यात तयार होता. कागदांचा विषय त्यानंच काढला. ‘ताई, माझ्याकडे सगळं लीगल आहे, पायात रिंग आहे, सर्टिफिकेट आहे, बिनकागदाचा माल मी ठेवतच नाही,’ असं पहिल्याच फोनवर म्हणाला. बोलणं शुद्ध, वागणं सभ्य. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला, त्यात एक ग्रे स्वच्छ मराठीत ‘काय रे, जेवलास का?’ विचारत होता. सोबत ॲलेक्सची माहिती. अमेरिकेतल्या आयरीन पेपरबर्ग यांचा हा ग्रे रंग, आकार आणि वस्तूंची संख्या सांगायचा, २००७ साली मेला. ॲलेक्सची गोष्ट खरी आहे. पण त्याच्यामागे तीस वर्षांची रोजची मेहनत होती, हे असे विक्रेते सांगत नाहीत. बहुतेक ग्रे वर्षाच्या आसपास शब्द उचलायला लागतात आणि काही जन्मात एक शब्द बोलत नाहीत. ‘सहा महिन्यांचं पिल्लू आहे आणि घडाघडा बोलतं’ असं कुणी सांगितलं, की तिथेच फोन ठेवा.

पाच हजार टोकन यूपीआयनं घेतलं, बाकीचे रोख मागितले. पक्षी बघायला घोडबंदर रोडच्या एका सोसायटीतल्या फ्लॅटवर बोलावलं, तेही संध्याकाळी साडेसातनंतर. सकाळी आलो तर चालेल का, असं माझ्या नवऱ्यानं विचारलं होतं. ‘सकाळी मी फार्मवर असतो,’ हे उत्तर. खोलीत एक मिणमिणता पिवळा दिवा, पिंजऱ्यावर अर्धी चादर. पक्षी मागच्या कोपऱ्यात पिसं फुगवून बसला होता, पाय पिसांत बुडालेले. ‘पिल्लू आहे, उजेडानं बिचकतं. आज हात लावू नका, नवीन वास लागला तर खाणं सोडतं.’ प्रत्येक गोष्टीला त्याच्याकडे पक्ष्याच्या भल्याचं कारण तयार होतं, आणि त्या प्रत्येक कारणानं काही ना काही झाकलं जात होतं. अंधारानं डोळे झाकले, फुगलेल्या पिसांनी पायातलं कडं, म्हणजे ती रिंग, झाकलं. लॅमिनेट केलेला कागद त्यानं अदबीनं हातात दिला आणि लगेच नोटा मोजायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाल्कनीच्या उजेडात चादर काढली, तेव्हा सगळ्यात आधी दिसले डोळे. बुबुळाभोवतीचा गोल पेंढ्यासारखा फिकट पिवळा होता. ग्रेच्या पिल्लाचे डोळे गडद असतात, जवळजवळ काळे. काही महिन्यांनी त्यांना राखेची छटा येते आणि मग एक-दोन वर्षांत ते हळूहळू पिवळे होत जातात. सहा महिन्यांच्या पिल्लाचा डोळा पिवळा असूच शकत नाही. संध्याकाळीच का बोलावलं, याचा उलगडा त्या डोळ्यांनी केला.

मी पाण्याची वाटी ठेवायला हात आत घातला आणि पक्षी गुरगुरला. पोपटाच्या गळ्यातून असा आवाज येतो यावर आधी विश्वासच बसला नाही. कर्कश ओरडणं नव्हे, खोल घशातली खरखर. जिवाच्या भीतीनं ग्रे असाच आवाज काढतो. माणसाच्या हातावर वाढलेलं पिल्लू माणसाचा हात बघून असं करत नाही.

मग कडं. पिंजऱ्यात पैदास झालेल्या पिल्लाच्या पायात पहिल्या काही आठवड्यांत अखंड, सांधा नसलेलं कडं सरकवतात. पाय मोठा झाला की ते ना घालता येत, ना काढता येत. त्यावर पैदास करणाऱ्याची अक्षरं, क्रमांक आणि बहुतेक वेळा साल असतं. आमच्या पक्ष्याच्या उजव्या पायात होतं ते मधोमध चीर असलेलं, पक्कडीनं दाबून बसवलेलं ॲल्युमिनियमचं कडं, चिरेजवळ पक्कडीच्या दातांचे ओरखडे. क्रमांकातले शेवटचे दोन आकडे घासून गेलेले. असं उघडं कडं कुठल्याही वयात, कुणालाही बसवता येतं. दरवेळी ते बेकायदाच असतं असं नाही, पण पक्षी पिंजऱ्यात जन्मला याचा पुरावा म्हणून त्याची किंमत शून्य. व्हिडिओ पुन्हा लावून थांबवून पाहिला. त्यातल्या बोलक्या ग्रेचं कडं डाव्या पायात होतं.

कागद तर त्याहून भयंकर निघाला. तो नोंदणीपत्राची रंगीत झेरॉक्स होती, नाव दुसऱ्याच कुणाचं, पत्ता दुसऱ्या राज्यातला. प्रजातीच्या रकान्यात बारीक अक्षरात शास्त्रीय नाव होतं ‘आरा अरारौना’. मुलानं ते शोधलं. ते निळ्या-पिवळ्या मकावचं नाव आहे. आफ्रिकन ग्रेचं शास्त्रीय नाव ‘सिट्टॅकस एरिथॅकस’. दुसऱ्याच पक्ष्याचा कागद आमच्या हातात ठेवला होता. कागदावरचा कड्याचा क्रमांक आणि पायातला क्रमांक यांचा एकही आकडा जुळत नव्हता.

फोन केला तर आधी ‘तुम्ही कागद नीट वाचला नाही, उद्या बदलून देतो’, मग ‘पक्षी परत घेत नाही, जिवंत माल आहे’, आणि त्यानंतर नंबर ब्लॉक. नवरा घोडबंदरच्या त्या फ्लॅटवर गेला. घर भाड्याचं होतं आणि रिकामं झालं होतं.

एवढं सगळं पैशांचं. पण माझा राग पैशांपेक्षा पक्ष्यावर जे झालं त्याचा जास्त आहे. आठवडा व्हायच्या आत एका दुपारी पक्षी दांडीवरून खाली कोसळला. पंख थरथरत होते, पायांची बोटं आवळलेली, मान एका बाजूला. पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे धावत नेला. रक्तात कॅल्शियम फार कमी होतं, त्यामुळे झटका आला होता. ग्रेला कॅल्शियमच्या कमतरतेचा त्रास इतर पोपटांपेक्षा जास्त होतो. त्याला नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर ठेवलं असणार, असं डॉक्टर म्हणाले. त्या बियांत चरबी भरपूर, कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्व जवळपास नाही. आम्हालाही विक्रेत्यानं सूर्यफुलाची पिशवी दिली होती आणि ‘हेच खातो, दुसरं काही देऊ नका’ असं बजावलं होतं.

डॉक्टरांनी डीएनए चाचणीसाठी रक्त घेतलं, कारण ग्रेमध्ये नर-मादी दिसायला सारखेच असतात. ‘मेल आहे, मेलच जास्त बोलतो’ हे विक्रेत्याचं म्हणणंही खोटं ठरलं. दोघंही सारखंच शिकतात, आणि आमच्याकडे आली होती ती मादी. तिचं वय डॉक्टर सांगू शकले नाहीत. डोळे एकदा पूर्ण पिवळे झाले की पाच वर्षं काय आणि पंचवीस काय, वरून कळत नाही. मुलानं तिचं नाव राखी ठेवलं.

राखी वाचली. पण डॉक्टरांनी जे शिकवलं ते पक्षी घेण्याआधी प्रत्येकाला माहीत हवं, कारण हे न सांगणं हाही फसवणुकीचाच भाग आहे. हा पक्षी चाळीस-पन्नास वर्षं जगतो. माणसाच्या दोन-तीन वर्षांच्या मुलासारखा त्याला रोजचा सहवास लागतो. तो मिळाला नाही तर स्वतःची पिसं उपटतो, आणि छातीची पिसं एकदा जुनाट सवयीनं गेली की ती परत येतीलच असं नाही. राखीच्या डाव्या पंखाखाली असा उघडा चट्टा आहेच, त्या अंधारात तोही दिसला नव्हता. ग्रेच्या अंगातून पांढरी भुकटी सतत झडते. माझ्या सासूबाईंना दमा आहे. आता त्यांच्या खोलीचं दार दिवसभर बंद असतं आणि पिंजऱ्याभोवती रोज ओलं फडकं मारावं लागतं. विक्रेत्यानं घरात कोण कोण आहे हे सुद्धा विचारलं नव्हतं.

आता तिचं खाणं पेलेट (पोपटांसाठीचं तयार गोळ्यांचं खाद्य), शेवग्याचा पाला, लाल भोपळा, गाजर, मोड आलेले मूग. चॉकलेट, ॲव्होकॅडो, चहा-कॉफी यांचा कणसुद्धा नाही. सकाळचं कोवळं ऊन जाळी लावलेल्या बाल्कनीत थेट मिळायला हवं, काचेतून आलेलं उपयोगी पडत नाही, कारण काच अतिनील किरण अडवते आणि त्यांच्याशिवाय शरीराला कॅल्शियम नीट वापरता येत नाही. नॉनस्टिक तवा रिकामा तापला तर त्याच्या धुरानं पक्षी काही मिनिटांत मरू शकतो, म्हणून आमच्याकडचे दोन्ही तवे गेले, मच्छरांची कॉइलही गेली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तिचं रोज वजन होतं, कारण पक्षी आजार लपवतो. तो मलूल दिसायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो, वजन मात्र आधी घसरतं.

तक्रारीचं सांगायचं तर यूपीआयनं गेलेल्या रकमेसाठी १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करावा. जितका उशीर, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता कमी. रोख रकमेसाठी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला. ‘पोपटाची तक्रार?’ असा प्रश्न आला, तेव्हा भारतीय न्याय संहितेच्या ३१८ कलमाखाली ही फसवणूक आहे असं आम्ही अर्जात लिहूनच नेलं होतं, म्हणून अर्ज घेतला गेला. त्याच आठवड्यात वनविभागात जाऊन पक्षी आमच्याकडे कसा आला, कागद कसा खोटा निघाला, हे सगळं लेखी कळवलं. हे अनेक जण भीतीपोटी टाळतात, आणि विक्रेता नेमका त्या भीतीवर जगतो. त्यानं शेवटच्या फोनवर मला सांगितलंच होतं, ‘बोंब मारलीत तर पक्षी तुमच्या घरात आहे, माझ्या नाही.’ गप्प बसलो असतो तर त्याचंच फावलं असतं.

घ्यायचाच असेल तर पक्षी दिवसा, खिडकीच्या उजेडात बघा. डोळ्यांचा रंग बघा. विक्रेत्याला त्याला हातावर घ्यायला सांगा, पक्षी त्याच्याच हातावर येत नसेल तर उठा. कड्याचा फोटो काढा, कागदावरचा क्रमांक आणि शास्त्रीय नाव अक्षर-अक्षर जुळवा, नोंदणी ज्याच्या नावावर आहे तो माणूस समोर असू द्या आणि हस्तांतर कसं नोंदवणार ते विचारा. पैसे देण्याआधी तुमच्या डॉक्टरांकडून तपासणी करायला जो नकार देतो, त्याच्याकडून काहीही घेऊ नका. अजून हातानं भरवावं लागणारं पिल्लू ‘लळा लवकर लागतो’ म्हणून विकतात, तेही घेऊ नका. भरवताना खाणं जास्त गरम झालं तर गळ्यातली अन्नाची पिशवी भाजते, चुकून श्वासनलिकेत गेलं तर पिल्लू गुदमरतं.

‘काय रे, जेवलास का?’ विचारणाऱ्या ग्रेचा व्हिडिओ ज्यांना आला असेल, त्यांनी तो डिलीट करू नये. चॅट, नंबर, यूपीआय आयडी यांचे तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवावेत आणि पैसे दिले असतील तर आपल्या भागातल्या पोलीस ठाण्यात स्वतंत्र अर्ज द्यावा. एकाच यूपीआय आयडीवर अनेक ठिकाणांहून तक्रारी आल्या, तर ‘ग्राहकाचा गैरसमज झाला’ हे त्याचं उत्तर टिकणार नाही.