लाइट्झचा पितळी मायक्रोस्कोप, दिवाळी ते श्रावण

पॉलिशचे चारशे रुपये. बिलावरची शेवटची ओळ ती होती आणि तिच्यापायी हे लिहायला घेतलंय.

फाइन फोकस (बारीक फोकस साधायचा स्क्रू) जाम झाला म्हणून मायक्रोस्कोप दुरुस्तीला दिला होता. फोकस झकास होऊन आला. पण सोबत नळीवरचं शंभर वर्षांपूर्वीचं लॅकर खरवडून, पितळ लखलखीत करूनही आलं. कुणी सांगितलं होतं? जुन्या मायक्रोस्कोपचं पितळ उघडं नसतं हो. त्यावर शेलॅकचा, म्हणजे लाखेचाच, मधाळ रंगाचा पातळ थर असतो. तो असेपर्यंत पितळ काळं पडत नाही. तो गेला की बोट लागेल तिथे डाग, आणि मग बसा घासत जन्मभर. (स्पिरिटनेही तो निघतो. लॅबच्या सवयीने स्पिरिटचा बोळा फिरवणाऱ्यांनी हात आवरा.)

दुरुस्तीवाला म्हणे, "मॅडम, गिऱ्हाईक चमक बघतं. चमक नसली तर म्हणतात, काही केलंच नाही."

म्हटलं, "गिऱ्हाईक मीच आहे ना? मला चमक नको होती."

बरंच वाजलं. शेवटी चारशेचे दोनशे झाले आणि ते मी दिले, तेही फोकसकडे बघून. आतलं वाळून मेण झालेलं वंगण त्याने इतकं स्वच्छ काढलंय की स्क्रू आता एका बोटाने फिरतो आणि सोडला तिथे थांबतो. माणूस कारागीर आहे, वाद नाही. पॉलिशमुळे भिंगातून दिसणाऱ्या चित्रात काडीचा फरक पडत नाही हेही मला कळतं. तरी नळीकडे नजर गेली की डोकं फिरतं. स्टेजजवळ (स्लाइड ठेवतात ती पाटी) जुना रंग शाबूत आणि वर एकदम झगमगाट, जणू देवघरातली घंटा आणून बसवलीय.

असो. मॉडेलचं फार सांगत नाही, जाणकारांना कळेलच: वेट्झलारच्या एर्न्स्ट लाइट्झचा, घोड्याच्या नालेसारखा काळा पाय, तीन ऑब्जेक्टिव्हचं (स्लाइडकडच्या भिंगांचं) फिरतं नोजपीस, खाली उजेड स्लाइडवर एकवटणारा आबे कंडेन्सर. अनुक्रमांक नव्वद हजारांच्या घरातला. लाइट्झने आपला एक लाखावा मायक्रोस्कोप १९०७ मध्ये जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखला भेट दिला, त्यावरून माझा त्याच्या थोडा आधीचा. पुण्याच्या जुन्या बाजारात साडेआठ हजारांना घेतला. विकणारा बारा हजारांवर अडून बसला होता, पण १/१२ इंची ऑब्जेक्टिव्हच्या पितळी डबीचं झाकण नव्हतं, ते मी धरून ठेवलं. पेटीला किल्ली आहे, कुलूप लागत नाही.

सुरुवातीला मला सगळ्यात नकोसा वाटला तो आरसा. नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेली. बटण दाबलं की उजेड, ही सवय. इथे खिडकीशी बसा, आरसा फिरवा, ढग आला की पुन्हा फिरवा. घरी विचारणाऱ्या प्रत्येकाला मी थंडीभर सांगत होते, बाकी छान आहे, पण आरसा म्हणजे ताप. आता मत बदललंय. एक तर टेबललॅम्पमध्ये साधा एलईडी बल्ब, पुढे ट्रेसिंग पेपर, एवढ्याने ढगांचा प्रश्न मिटला. कंडेन्सर लावलेला असेल तर आरशाची सपाट बाजू वापरायची, उतरवला असेल तर खोलगट. खरी गंमत त्यापुढे आहे. कंडेन्सर काढून खोलगट आरसा जरा बाजूला कलता केला की उजेड तिरका येतो, आणि जे आरपार पारदर्शक असल्याने दिसतच नव्हतं त्याला एकदम कडा फुटतात. कुंडीखालच्या ताटलीतल्या पाण्याचा थेंब घेतला होता. सरळ उजेडात नुसतं धूसर. तिरक्या उजेडात डायाटम या सूक्ष्म शेवाळाच्या काचेसारख्या कवचावरच्या रेघा दिसायला लागल्या. लॅबमधल्या महागड्या यंत्रावर मला हे कधी करायला मिळालं नाही. आणि लाइट गेली तरी काम चालू!

ऑब्जेक्टिव्ह तीन आहेत: ३, ७ (हे कंपनीचे नंबर) आणि १/१२ इंची, स्लाइडवर तेलाचा थेंब टाकून वापरायचं. तीन नंबर बिनतक्रार. सात नंबर धारदार आहे, पण स्लाइडच्या इतकं जवळ जातं की छातीत धस्स होतं. आजच्या ऑब्जेक्टिव्हचं टोक स्प्रिंगवर आत दबतं, याचं दबत नाही. टेकलं की टेकलं. म्हणून बाजूने बघत नळी खाली आणायची आणि डोळा लावल्यावर फक्त वर न्यायची. शिवाय कव्हरस्लिप (नमुन्यावरची पातळ काच) हवीच, ०.१७ मिलिमीटरच्या आसपासची. उघड्या स्मिअरवर (स्लाइडवर पसरलेल्या रक्ताच्या थरावर) सात नंबर धुरकट दिसतं, त्यात भिंगाचा दोष नाही.

१/१२ च्या टोकावर सीडरवुड तेल वाळून राळ झालं होतं. विकणाऱ्याच्या मते "काच गेलेली". लेन्सपेपरवर झायलीनचा अगदी थेंब, एक पुसणं, लगेच कोरडा कागद, पुन्हा तेच. जास्त ओतलं तर भिंगं चिकटवणारा कॅनडा बाल्सम सुटतो, त्यामुळे घाई नको. राळ निघाली तशी काच शाबूत निघाली. मग शिकवण्यासाठी जपून ठेवलेली फॅल्सिपॅरम मलेरियाची जुनी स्लाइड लावली. नळी ओढून या भिंगांच्या मापाने १७० मिलिमीटरवर आणली, नोजपीसची उंची वजा करून. तांबड्या पेशींच्या गर्दीत गॅमेटोसाइटच्या (परजीवीच्या प्रजनन अवस्थेच्या) चंद्रकोरी, मधोमध तपकिरी रंगद्रव्याचे दाणे, सगळं सुटं सुटं. मी चक्क ओरडले. कडेला चित्र मऊ पडतं, काळ्या कडांना जांभळट झाक येते आणि हायगेन्स पद्धतीच्या आयपीसमधून (डोळ्याकडच्या भिंगातून) दिसणारं वर्तुळ चिंचोळं आहे. पण मधला भाग मी रिपोर्ट द्यायलाही वापरला असता.

काटकसर करणाऱ्यांसाठी: याच्या ऑब्जेक्टिव्हचे आटे रॉयल मायक्रोस्कोपिकल सोसायटीच्या मापाचे, २०.३२ मिलिमीटरचे, म्हणजे शाळेतल्या साध्या मायक्रोस्कोपचे असतात तेच. भंगारात निघालेल्या एका मायक्रोस्कोपचं ४० एक्स यात सहज बसलं. ते १६० मिलिमीटरच्या नळीसाठीचं, म्हणून नळी तेवढी आत सरकवली आणि झालं काम. फुकटात चौथं ऑब्जेक्टिव्ह.

पावसाळ्याचं मात्र गंभीरपणे घ्या. ती सुंदर मखमली पेटी जून ते सप्टेंबर दमट राहते, आणि एका आयपीसच्या आत बुरशीचे तंतू दिसलेच. दोन्ही टोकांची भिंगं आटे फिरवून निघतात, त्यामुळे पुसता आलं. ऑब्जेक्टिव्हमध्ये शिरली असती तर खेळ खलास. आता काचेचं सगळं सामान स्वयंपाकघरातल्या हवाबंद डब्यात, सिलिका जेलसह. पेटी रिकामी, कपाटावर. नळीचं तोंड झाकायला वर एक आयपीस मात्र कायम. तो नुसता आत सोडलेला असतो, मायक्रोस्कोप तिरपा करून उचलला तर घरंगळतो. सांभाळून.

घ्यावा का? बघायला हवा असेल तर जरूर. शोभेला हवा असेल तर नवे पितळी शोपीस ढिगाने मिळतात, वर जुन्या लंडनच्या कंपनीचं नावही कोरून देतात. विकत घेताना तीन नंबर लावून वर्तमानपत्राचा कपटा बघा. शाईचे ठिपके नि कागदाचे धागे स्वच्छ दिसले तर पुढे बोला. १/१२ चा आग्रह धरा, राळ दिसली तरी.

माझ्याकडे दोन नंबरचे दोन आयपीस आहेत आणि चार नंबरचा नाही. कुणाकडे जादा असेल तर अदलाबदल करू. पैसे मागू नयेत.